पिन टाकण्याआधी

पोरी, तू आता मोडनिंब सोडून पुण्याला शिकायला चाललीस. जेवणाखाण्याचं, राहण्याचं तुझी आई सांगेलच. मी सांगतोय ते होकाराबद्दल. ‘सात दिवस फुकट’ म्हणणारा तुझ्याकडं पैसे मागत नाही, होकार मागतो. तो एकदा दिला, की पुढचे पैसे तुला न विचारता जातात.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी हा धडा फार सोसून घेतलाय. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा रोख होता तो खतं आणि रोखे यांच्यावर. वाचता येत नसताना अंगठा उठवलेले ते कागद हाती लागतील तिथं त्यांनी जाळले. पुढं १८७९ साली सरकारनं शेतकऱ्यांसाठी कायदा आणला, तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपलं सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, अशी त्यात तरतूद होती. माझे आजोबा शाळेत गेले नव्हते, पण कागद आपल्या माणसाकडून दुसऱ्यांदा वाचून घेतल्याशिवाय त्यांनी कधी अंगठा उठवला नाही. तुझा यूपीआय पिन म्हणजे तोच अंगठा आहे. तुला तर वाचता येतं.

तेव्हा पिन टाकायच्या पडद्यावर काय लिहिलंय ते नीट बघ. वर मोठ्या अक्षरात १ रुपया दिसतो. खाली ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असा शब्द असला, तर ते साधं पैसे देणं नाही, दर महिन्याची परवानगी आहे. तिथं तीन गोष्टी शोधायच्या. रक्कम किती ‘पर्यंत’ कापता येईल, किती दिवसांनी, आणि कोणत्या तारखेपर्यंत. सगळी मेख त्या ‘पर्यंत’मध्ये असते. आज १ रुपया जातो आणि परवानगी मात्र शेकड्यांची, कधी हजारांची असते. पिन फक्त पहिल्या वेळी लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता पिन न विचारता जाऊ शकतो, तसा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. वीजबिलाला, विम्याला ही सोय चांगली आहे. पत्रिका बघायच्या, इंग्रजी शिकवायच्या नाहीतर मालिका दाखवायच्या ॲपला ती का द्यावी?

आपल्या गल्लीत एका बाईनं मुलाच्या अभ्यासासाठी असंच एक ॲप घेतलं होतं. पोराला ते आवडलं नाही, म्हणून तिनं फोनवरून काढून टाकलं. तरी हप्ते जात राहिले. शिलाईचे पैसे खात्यात आले की त्यातून कापले जायचे, आणि तिला वाटायचं बँकच काहीतरी कापतेय. हे पक्कं ध्यानात ठेव, ॲप काढून टाकल्यानं वर्गणी बंद होत नाही. ती वेगळी बंद करावी लागते. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथं उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जायचं. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबून ‘सबस्क्रिप्शन्स’. यूपीआयवरून दिली असेल तर ज्या ॲपवरून पिन टाकला त्याच ॲपमध्ये ‘ऑटोपे’ शोधून ती रद्द करायची. त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, होकार तुझा असतो.

आणि घ्यायचंच असेल, तर घेतल्या दिवशीच रद्द करून टाक. बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत ते चालूच राहतं. सातव्या दिवशी करू म्हणून ठेवलं की राहतंच. आयफोनवर तर मुदत संपायच्या निदान २४ तास आधी रद्द करावं लागतं, म्हणजे सातवा दिवस हा उशीरच.

पैसे कापायच्या निदान २४ तास आधी तसा संदेश आला पाहिजे, हाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दिवसभरात इतके संदेश येतात की आपण न वाचताच पुसून टाकतो. बँकेचा मात्र वाचत जा. रद्द करायची ती शेवटची संधी असते.

एवढं करूनही फसलीस तर लाजून गप्प बसू नकोस. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा त्यातलाच एक. रद्द करायचं बटण लपवणं किंवा रद्द करणं किचकट करून ठेवणं त्यात येतंच. पण फुकट वर्गणीसाठी कार्डाचा तपशील किंवा आपोआप पैसे कापायची परवानगी द्यायला भाग पाडणंही त्यातच येतं. म्हणजे ज्याला आपण आपला वेंधळेपणा समजतो, तो कायद्याच्या नजरेत समोरच्याचा दोष आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. पडद्याची छायाचित्रं आणि बँकेचे संदेश जपून ठेव आणि तक्रार कर. संदेश न देता किंवा परवानगीपेक्षा जास्त कापलं असेल, तर बँकेला लेखी कळव. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. तू होकारच दिला नव्हतास आणि कुणी परस्पर पैसे काढले, तर तो सरळ सायबर गुन्हा, त्याला १९३० लाव, आणि लगेच लाव.

तुझ्या आजीसारखा बटणांचा फोन असणाऱ्यांचं वेगळं. त्यांचा रिचार्ज गाणी नि भविष्य यांच्यात जातो. नको असलेल्या अशा सेवा बंद करायला १५५२२३ हा क्रमांक आहे.

आता गाडी यायला वेळ आहे तोवर एक काम कर. तुझ्या बापाचा फोन घे आणि त्यातलं ऑटोपे उघडून बघ. त्यानं काय काय चालू ठेवलंय ते त्यालाही ठाऊक नसणार. नको असेल ते त्याच्यासमोरच बंद कर, आणि कसं केलंस ते आईलाही दाखवून जा.