टॉम विल्स : दोन खेळांचा खेळाडू

मृगाचा पाऊस लागला की मुदखेडकडील काळ्या मातीत चिखल होतो आणि मुलांचे क्रिकेट बंद पडते. अशीच अडचण ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या क्रिकेटपटूंना पडे. तेथे जून ते ऑगस्ट हा हिवाळा. त्या दिवसांत क्रिकेट नसे. या रिकाम्या काळातून एक नवा खेळ जन्मास आला. त्यास मुख्यतः कारण झाला तो टॉम विल्स हा क्रिकेटपटूच होता.

विल्सचा जन्म १८३५ चा. बालपणीच्या सवंगड्यांत तेथील मूळ रहिवाशांची मुले असल्याने त्यांची भाषा त्यास येई. पुढे इंग्लंडातील रग्बी येथील शाळेत तो क्रिकेट संघाचा नायक झाला. परतल्यावर १० जुलै १८५८ रोजी त्याचे एक पत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉलचे मंडळ काढावे, ते न साधल्यास नेमबाजीचे तरी काढावे, असे त्याने सुचविले होते. १७ मे १८५९ रोजी त्याने व सहकाऱ्यांनी दहा नियम लिहिले. विल्सचा ओढा रग्बीच्या नियमांकडे होता. पण सहकाऱ्यांनी ते जसेच्या तसे मानले नाहीत. नडगीवर लाथ मारणे वर्ज्य ठरले. कठीण जमिनीवर पडणाऱ्यास इजा होणार, हा विचार त्यामागे होता. (आपल्या खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले, हे येथे आठवते.) हाच आजचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. तो लंबगोल मैदानावर खेळतात, कारण पुढे क्रिकेटची मैदानेच त्याला मिळाली.

ऑक्टोबर १८६१ मध्ये क्वीन्सलँडात मूळ रहिवाशांनी विल्सच्या वडिलांसह १९ जणांना ठार केले. सामान आणण्यास बाहेर गेल्यामुळे विल्स वाचला. सूड म्हणून गोऱ्यांनी त्याहून कितीतरी अधिक मूळ रहिवासी मारले. तरीही पाच वर्षांनी, २६ डिसेंबर १८६६ रोजी, मेलबर्नच्या मैदानावर मूळ रहिवाशांचा क्रिकेट संघ उतरला, तेव्हा त्याचा शिक्षक आणि कप्तान विल्स होता. ते खेळाडू व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातले, हल्ल्याशी संबंध नसलेले. पण पितृवधानंतर असे काम पत्करणे सोपे नव्हते.

त्यांपैकी काही जण १८६८ साली इंग्लंडला गेले. इंग्लंडात खेळलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन संघ होय. त्याचे नेतृत्व मात्र चार्ल्स लॉरेन्सकडे होते. मद्यपानाने खचलेला विल्स १८८० मध्ये ४४ व्या वर्षी वारला.