कावडीचे टी-शर्ट आणि तुझं मशीन

अमरावती,
आषाढ वद्य पंचमी

चि. भाचीबाईस,


रात्री साडेअकराला तू पाठवलेलं कोटेशन सकाळी चष्मा लावून दोनदा वाचलं. खाली तुझा प्रश्न : "मामा, हे डीटीएफचं मशीन घेऊ का? सगळं याच्यावरच होते म्हणतात." म्हणणारा कोण, तर विकणारा. तो दुसरं काय म्हणणार, बाई?

ताईकडून कळलं की तुझ्या हातात सध्या तीन ऑर्डरी आहेत. कावड मंडळाचे सव्वाशे, चिखलदऱ्याला निघालेल्या कॉलेजच्या पोट्ट्यांचे नऊ आणि कबड्डीच्या संघाचे बारा. तिन्हींना तीन वेगळे छाप लागतात, आणि एकासाठीही तुला स्वतःचं मशीन लागत नाही. सहा आकडी कर्जाचा कागद तूर्त बाजूला ठेव आणि मी सांगतो ते ऐक.

कावडीपासून सुरू करतो, कारण तुझं नाव अकोल्यात त्यावरच होईल किंवा बुडेल. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन निघालेला माणूस राजराजेश्वराच्या देवळापर्यंत 18 किलोमीटर चालतो. रात्रीचा पाऊस, घाम, हिंदकळणाऱ्या भरण्यांचं, म्हणजे कावडीच्या घागरींचं, पाणी, वरून गुलाल. तो टी-शर्ट रात्रभर ओलाच असतो. अशा पाठीवर डीटीएफचा, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं कापडावर दाबायचा, फूटभर रुंद चौकोन चिकटवलास तर त्यातून वारा जाणार नाही. अंगाला प्लॅस्टिकची पाटी बांधल्यासारखं होईल आणि मुर्तिजापूरपर्यंत तुझा उद्धार होईल. सव्वाशे नग, दोन रंग, सगळ्यांच्या पाठीवर एकच मजकूर : हे स्क्रीनचं, म्हणजे जाळीतून शाई ओढायच्या छपाईचं, काम आहे.

हिशेब बघ. फिल्म, इमल्शन, जाळी सगळं धरून एका रंगाची स्क्रीन चारशेला पडते असं समज. दोन रंगांचे आठशे झाले. सव्वाशे नगांत वाटले की नगामागे सहा रुपये चाळीस पैसे. हेच आठशे त्या नऊ पोट्ट्यांवर टाकलेस तर नगामागे जवळजवळ नव्वद रुपये पडतील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय त्यांना धबधब्यापुढचा फोटो छापायचा आहे, म्हणजे दोन रंगांत भागतच नाही.

कावडीच्या टी-शर्टात एक गोष्ट कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. कावडीचा बांबू खांद्यावर, मानेच्या खालच्या हाडाशी घासतो. मंडळाचं नाव कॉलरला चिकटून छापलंस तर पहिल्या रात्रीतच वरची ओळ खरवडून निघेल. कॉलरखाली चांगली चार-पाच बोटं सोड आणि तिथून मजकूर सुरू कर. एखाद्या पोराला उभं करून त्याच्या खांद्यावर काठी ठेवून बघ, म्हणजे कळेल.

आता कापड, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलो होतो. लग्नपत्रिका छापत छापत मी नुकताच कपड्याकडे वळलो होतो. एका मंडळानं भगवे, चकचकीत, हलके टी-शर्ट आणून दिले. त्यावर पांढरी अक्षरं हवी होती. मी प्लॅस्टिसॉल शाई घेतली, गरम हवेच्या पेटीखाली नीट भाजली, अक्षरं दुधासारखी पांढरी उठली. गठ्ठे बांधले. तिसऱ्या दिवशी मंडळाचा एक माणूस गठ्ठा सोडून दारात उभा, "काऊन जी, पांढरी अक्षरं केशरी कायले केली?" खरोखरच सगळी अक्षरं पिकल्या आंब्याच्या सालीसारखी झालेली. कापड पॉलिएस्टर होतं. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेनं धाग्यातून उठतो आणि वरच्या शाईत शिरतो. त्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. टी-शर्टचे पैसे भरून दिले आणि पुढचे दोन महिने फुकट पत्रिका छापल्यासारखे गेले. डीटीएफलाही हाच रोग लागतो, त्यामुळे तिकडे पळून सुटका नाही.

म्हणून ऑर्डर घेताना शिवणीच्या आतल्या कापडाचाच एक धागा ओढ आणि काडी लाव. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो आणि भुरभुरीत राख पडते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. लेबलवर काय लिहिलंय ते वाचू नकोस, धागा जाळ. कावड मंडळाला सुतीच घ्यायला लाव. ते ड्रायफिटवरच, म्हणजे पॉलिएस्टरवरच, अडून बसले, तर रंग न ओढणारी, कमी तापमानावर पिकणारी शाई माग आणि एक नमुना छापून चार दिवस गठ्ठ्यात दाबून ठेव.

सुतीवरही श्रावणाची अडचण आहेच. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला की पाण्याच्या शाया जाळीतच वाळतात, दर दहा नगांनी ओला फडका फिरवावा लागतो. श्रावणात उलटं, कपड्यावरची शाई वाळता वाळत नाही. प्लॅस्टिसॉल तर हवेवर कधीच वाळत नाही. थोडी तापली की वरून बोटाला कोरडी लागते, पण सगळा थर 160 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय आतून कच्चीच राहते. छाप दोन्ही हातांनी ताणून बघ. भेगा पडल्या तर पुन्हा भाज. तापमान मोजायची ती छोटी बंदूक मिळते ना, मशीनच्या आधी ती घे.

सव्वाशे जणांच्या छातीवरची सव्वाशे वेगळी नावं मात्र स्क्रीननं होणार नाहीत. ती डीटीएफच्या बारीक पट्ट्यांनी कर. दोन बोटांची पट्टी कोणाला टोचत नाही. पाठ आधी छापून भाजून घे, मग टी-शर्ट हीट प्रेसच्या खालच्या पाटावर ओवून घाल, म्हणजे पाठीचा छाप पाटाखाली राहील. नाहीतर तो पुन्हा मऊ होऊन पाटाला चिकटतो. आणि मजकुरावर अध्यक्षांचं लेखी "ओके" घेतल्याशिवाय स्क्रीन पाडू नकोस. राजराजेश्वरातला एक 'राज' गळला तर दोष फॉन्टला जाणार नाही, तुला येईल.

कबड्डीचं लवकर संपवतो. जर्सी पॉलिएस्टरची, कापड पांढरं, म्हणजे सबलिमेशन. जवळपास 200 अंशांवर रंग वाफ होऊन धाग्यात मुरतो आणि हाताला काहीच लागत नाही. ज्या गुणानं माझी अक्षरं केशरी केली, त्याच गुणावर हा अख्खा धंदा चालतो! कापडाचे भाग आधी छापून मग शिवतात. हे काम बाहेरच करून घे. सुती कापडावर सबलिमेशनचा हट्ट कोणी धरला तर सरळ नाही म्हण, पहिल्या धुण्यात जाईल.

उरले चिखलदऱ्याचे नऊ. यांनाच डीटीएफ शोभतं. फोटो, हजार रंग, नग थोडे, रंगीत पॉलिएस्टर सोडून कापड कोणतंही. पण डीटीएफ मीटरवर छापून मिळतं. साधारण 22 इंच रुंदीच्या एका मीटरात ए-फोर आकाराची सहा-सात चित्रं बसतात. उरलेल्या फटींत छातीवरचे छोटे लोगो, कावडीवाल्यांच्या नावाच्या पट्ट्या कोंबून भर. ज्याला ही कोंबाकोंबी जमली त्याला नफा राहतो. तुझ्याकडे हवा एक बरा हीट प्रेस, आणि फिल्म कोणती गरम सोलायची, कोणती थंड करून, हे छापणाऱ्याला विचारून ठेवायची सवय.

स्वतःचं मशीन का नको, तेही ऐक. पांढऱ्या शाईतली पावडर जड असते, ती तळाला बसते. मशीन रोज हललं नाही, रोज थोडं छापलं नाही, तर हेड तुंबतं आणि हेडची किंमत कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. तुझ्या ऑर्डरी सणांच्या मागे धावणार : भीमजयंती, कावड, गणपती, देवी. मधल्या महिन्यांत मशीन तुला खाईल. वर्षभर महिन्याला किती मीटर बाहेरून आणलं ते वहीत लिही. ती वही घेऊन बँकेत गेलीस तर मी जामीन राहीन. तोवर मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज, 50 हजारांपर्यंतचं, तुला पुरे आहे.

जाता जाता एक सांगतो. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यानं 1907 साली या स्क्रीनच्या छपाईचं पेटंट घेतलं. त्या काळात आपल्या वऱ्हाडचा कापूस आगगाडीनं मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जायचा. आता आपल्या शेतातला कापूस टी-शर्ट होऊन तिरुपूरहून परत येतो आणि आपण त्यावर नाव छापतो. याचा राग करून काही होत नाही, पण येतो कधीकधी.

रविवारच्या गाडीनं ये. बडनेऱ्याला उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येतो. मागच्या अंधाऱ्या खोलीत माझी जुनी चौकट अजून आहे. इमल्शन कसं ओढायचं, ट्यूबलाइटखाली किती मिनिटं ठेवायचं आणि पाण्याचा फवारा मारल्यावर अक्षरं कशी उघडत जातात, ते तुझ्या हातानं करून बघ. नंतर काम दुसऱ्याकडून करून घेतलंस तरी चालेल, पण त्यानं फसवलं तर तुला कळलं पाहिजे.

येताना कावड मंडळाच्या कापडाचा तुकडा आण, आपण जाळून बघू. आणि ताईला सांग, मागच्या वेळचे सांडगे संपले.

तुझा,
मामा