कविता टेनिसनची, पैसे कोणाचे?

प्रश्न : राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये टेनिसन, लाँगफेलो यांच्या गाजलेल्या कवितांना चाली लावण्याची लाटच आली होती, असे वाचले. कवींना ते आवडायचे का? आणि त्या गाण्यांचे पैसे कोणाला मिळायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी पैशाचे बोलू. तेव्हा गाणे विकले जायचे ते छापील नोटेशनच्या रूपात. खाऊनपिऊन सुखी घराच्या दिवाणखान्यात पियानो असायचा आणि जेवणानंतर घरातल्या कोणीतरी पाहुण्यांसमोर गायचे, असा रिवाज होता. गाजलेल्या कवितेचे शब्द गिऱ्हाइकाच्या ओळखीचे, म्हणजे प्रकाशकाची निम्मी जाहिरात आधीच झालेली. उरलेली निम्मी गायक करायचा. बूझी या प्रकाशकाने १८६७ मध्ये लंडनला खास अशा गाण्यांच्या मैफली सुरू केल्या. नामवंत गायकाने मैफलीत गाणे गायचे आणि खपलेल्या प्रतींमागे ठरलेली रक्कम घ्यायची, असा व्यवहार असे. मुखपृष्ठावर गायकाचे नाव ठळक!

कवितेचे काय होई, ते 'मॉड'वरून कळते. टेनिसनचे हे दीर्घकाव्य १८५५ चे. त्यातला नायक पहाटे बागेत मॉडची वाट पाहतो, त्या भागाला बाल्फ या आयरिश संगीतकाराने १८५७ मध्ये चाल लावली आणि सिम्स रीव्हज या गायकाने ती गाजवली. मूळ अकरा कडव्यांतली बाल्फने मोजकीच घेतली. काव्यात त्या पहाटेनंतर नायकाच्या हातून मॉडचा भाऊ मारला जातो, नायक परागंदा होतो, त्याला वेड लागते. दिवाणखान्यात मात्र त्याची निव्वळ गोड प्रेमयाचना झाली. मला विचाराल तर चाल झकास आहे, पण कविता तिच्यात नाही.

आता कवींच्या आवडीचे. ऑर्थर सलिव्हन या संगीतकारासाठी टेनिसनने मुद्दाम गाण्यांची एक माला लिहून दिली, मग ती बाहेर काढायला काही वर्षे टाळाटाळ केली. १८७१ मध्ये ती निघाली तेव्हा युद्धाच्या काळ्या दिवसांत हा पोरखेळ लोकांपुढे येत असल्याची खंत प्रस्तावनेत नोंदवूनच.

सलिव्हनचे सर्वांत गाजलेले गाणे 'द लॉस्ट कॉर्ड'. ते त्याने जानेवारी १८७७ मध्ये, भाऊ फ्रेड मरणपंथाला लागला असताना रचले. कविता अ‍ॅडलेड प्रॉक्टर यांची. डिकन्स घरोब्यातला, म्हणून भिडेखातर छापू नये, यासाठी टोपणनावाने त्याच्या साप्ताहिकाला कविता पाठवणारी ही मानी बाई. हे यश पाहायला ती नव्हती; १८६४ मध्येच वारली होती.

लाँगफेलोकडे संगीतकार एवढे का वळले? लोकप्रियता हे एक कारण. दुसरे रोकडे. लाँगफेलो अमेरिकन, आणि अमेरिकेत आधी छापलेल्या पुस्तकाला तेव्हा ब्रिटनमध्ये सहसा कॉपीराइट मिळत नसे. विचारायचे कोणाला आणि द्यायचे कोणाला?

आणि संगीतकाराचेही नेहमी फावायचे असे समजू नका. सॅम्युअल कोलरिज-टेलरने, याचे वडील सिएरा लिओनचे, लाँगफेलोच्या 'हायवाथा' या दीर्घकाव्यातल्या लग्नाच्या जेवणावळीवर वृंदगान रचले. नोव्हेंबर १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ते पहिल्यांदा सादर झाले, तेव्हा आजारी सलिव्हन मुद्दाम ऐकायला आला होता. पुढे इंग्लंडभरच्या गायनमंडळांनी ते उचलून धरले, प्रती धो धो खपल्या. पण कोलरिज-टेलरने आपले हक्क नोव्हेलो या प्रकाशकाला केव्हाच १५ गिनींना विकून टाकले होते. मुलाचे नाव त्याने हायवाथा ठेवले. १९१२ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो न्यूमोनियाने गेला. सादरीकरणाचे मानधन संगीतकारांसाठी गोळा करणारी ब्रिटनमधली संस्था निघाली १९१४ मध्ये.