धरण केवढे, दरवाजा केवढा? : संगणकाचे भाग निवडताना

भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. ते १९२८ साली पुरे झाले. पावसाळ्यात त्याच्याविषयी वर्तमानपत्रांत दोन निरनिराळे आकडे येतात. एक साठ्याचा : धरण काठोकाठ भरले म्हणजे सुमारे साडेतेवीस टीएमसी, म्हणजेच साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी. दुसरा विसर्गाचा : दर सेकंदाला इतके घनफूट, म्हणजे इतके क्युसेक. पाणी किती आहे हे पहिला आकडा सांगतो. ते किती वेगाने बाहेर पडते हे दुसरा. १०,००० क्युसेकने पाणी सोडले आणि वरून नवे आले नाही, तर भरलेले धरण रिकामे व्हायला सुमारे २७ दिवस लागतील. वहीत भागाकार करून पाहा.

संगणक घेताना याच दोन आकड्यांची गल्लत होते.

समजा, भोर किंवा वेल्हे भागातल्या एखाद्या माध्यमिक शाळेला १० संगणक घ्यायचे आहेत. गावाने वर्गणी काढून पैसे जमवले आहेत आणि ते पुन्हा लवकर जमणार नाहीत. दुकानदाराची यादी हातात आहे. तीत प्रत्येक भागापुढे आकडे आहेत आणि मोठा आकडा ठळक छापला आहे.

प्रथम साठवणीचा भाग घेऊ. यादीत एकीकडे १ टीबीची हार्ड डिस्क आहे आणि दुसरीकडे साधारण तेवढ्याच किमतीत फक्त २५६ जीबीची एसएसडी. पहिली चौपट मोठी, म्हणून चांगली वाटते. (१ टीबीची डिस्क संगणकाला जोडली की तो ती ९३१ जीबीच दाखवतो. यात कोणी फसवलेले नाही. कारखाना १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, तर संगणक १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरतो.)

आता दरवाजा पाहू. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी टोकाला योग्य वर्तुळापर्यंत सरकायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. एकूण झाले १३. म्हणजे विखुरलेल्या जागांवरची माहिती ही डिस्क सेकंदाला ७५ वेळाच उचलू शकते. एकसलग लांबलचक फाइल असेल तर हीच डिस्क सेकंदाला १५० एमबी सहज वाचते, आणि खोक्यावर छापतात तो हाच आकडा. पण ४ केबीचे सुटे तुकडे वेचायचे असतील, तर ७५ × ४ म्हणजे जेमतेम ३०० केबी! वेग पाचशेपटीने उतरला.

संगणक सुरू होताना नेमके हेच घडते. हजारो लहान तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागतात. असे ६,००० तुकडे धरले, तर हार्ड डिस्कला ८० सेकंद हवेत. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिला एका तुकड्याला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो, म्हणजे सगळ्यांना मिळून एक सेकंदही नाही. ३५ मिनिटांच्या तासिकेत हा फरक फार मोठा आहे. शाळेच्या कामाला २५६ जीबी पुरते, म्हणून मी एसएसडीच घेईन. शाळेत जुने संगणक पडून असतील, तर नवे घेण्याआधी त्यांची डिस्क बदलून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

ग्राफिक्स कार्डांत तर नावही फसवते. एनव्हिडिया कंपनीचे ‘जीटी १०३०’ हे कार्ड २०१७ साली आले. त्याची स्मृती २ जीबी होती आणि तिच्यातून सेकंदाला ४८ जीबी माहिती ये-जा करू शके. २०१८ साली त्याच नावाने दुसरे कार्ड निघाले. स्मृती तीच २ जीबी, पण वेगळ्या जातीची. तिचा वेग सेकंदाला सुमारे १७ जीबी. धरण तेवढेच, दरवाजा एक तृतीयांश. नाव आणि ‘२ जीबी’ एवढेच वाचणाऱ्याला हे कळणार कसे?

शाळेला असे कार्ड लागते का? हिशेब करू. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. प्रत्येकाला ३ बाइट, आणि सेकंदाला ६० चित्रे. एकूण झाले सेकंदाला सुमारे ३७३ एमबी. एवढे काम प्रोसेसरमध्येच असलेला चित्रविभाग सहज करतो. त्रिमितीय खेळ किंवा चित्रफितींचे जड संपादन असेल तरच वेगळे कार्ड हवे. शाळेने ते पैसे वाचवावेत.

पडद्याचा प्रश्न जरा निराळा आहे. २२ इंची आणि २७ इंची पडदे दोन्ही १९२० × १०८० चेच असतील, तर राजगडाच्या नकाशातल्या समोच्चरेषा मोठ्यावर अधिक बारकाव्याने दिसणार नाहीत. ठिपके तितकेच, फक्त पसरलेले. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्णावर २,२०३ ठिपके येतात. लहान पडद्यावर इंचाला १०० आणि मोठ्यावर ८२. त्यापेक्षा पडद्याची जात विचारा. एका संगणकासमोर तिघे बसतात, तेव्हा कडेच्या दोघांना टीएन जातीच्या पडद्यावर रंग फिके किंवा उलटे दिसतात. आयपीएस जातीच्या पडद्यावर तसे होत नाही. हा गुण दुकानात खुर्ची बाजूला सरकवून एका मिनिटात तपासता येतो.

राहिली वीज. सह्याद्रीच्या कुशीतल्या या गावांत पावसाळ्यात ती कधी जाईल याचा नेम नसतो. लहान यूपीएसवर ‘६०० व्हीए’ लिहिलेले असते, पण तेवढे वॅट मिळत नाहीत. अशा यूपीएसची शक्ती बहुधा ३६० वॅट असते, आणि हा आकडा बारीक अक्षरात मागच्या बाजूला सापडतो. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे ८४ वॅट-तासांची. १०० वॅटचा संगणक तिच्यावर कागदोपत्री ५० मिनिटे चालेल. प्रत्यक्षात बॅटरी झपाट्याने रिकामी होताना पूर्ण शक्ती देत नाही आणि रूपांतरातही ऊर्जा वाया जाते. त्यामुळे निम्मा वेळ मिळाला तरी खूप. त्यात १५० वॅटचे ग्राफिक्स कार्ड घातले, तर कागदोपत्रीही २० मिनिटेच उरतात.

तुमच्या शाळेतल्या संगणकांवर एक प्रयोग करा. बटण दाबल्यापासून लेखनाचा प्रोग्राम उघडेपर्यंतचा वेळ घड्याळात मोजा. प्रत्येक संगणकावर तीनदा मोजून सरासरी काढा. मग प्रत्येकापुढे प्रोसेसर, स्मृती आणि डिस्कची जात लिहा. कोणत्या रकान्याशी वेळ जुळतो ते तक्त्यात दिसेल. पुढच्या खरेदीच्या वेळी तोच तक्ता मुख्याध्यापकांना दाखवता येईल.