माझी ‘एक खिडकी’ योजना

सुरुवातीलाच सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा असं ठरवलं, कारण ही चूक ज्यांना भोवली ते माझे बाबा मराठीतच रागावतात!

तर गोष्ट अशी. माझ्याकडे तीन ई-मेल खाती आहेत. एक कॉलेजचं. एक माझं स्वतःचं, शाळेत असताना काढलेलं, ज्याच्या पत्त्यात ‘एंजल’ हा शब्द आहे (हसू नका). आणि तिसरं बाबांच्या दुकानाचं. बाबांचं तालुक्याच्या गावी पंप आणि पाइपचं दुकान आहे. मुलगी ‘कॉम्प्युटरला’ आहे म्हटल्यावर दुकानाच्या मेलचं खातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. तीन ठिकाणी लॉगिन करून कंटाळा आला, म्हणून मी होस्टेलच्या पीसीवर मोझिलाचा थंडरबर्ड टाकला. एकाच खिडकीत तिन्ही खाती. सरकारची असते तशी माझीपण एक खिडकी योजना!

पहिलं कोडं किल्लीचं. ‘एंजल’ खातं जीमेलचं आहे. रूममेटच्या सीनियरने दिलेल्या जुन्या नोट्सप्रमाणे नाव आणि पासवर्ड टाकला, तर आत घेईना. दहा वेळा टाकला, कॅप्स लॉक बघितलं, शेवटी पासवर्डसुद्धा बदलला. कारण नंतर कळलं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्राममधून नुसत्या नाव-पासवर्डवर आत येणं बंद केलं आहे. आता सेटिंगमध्ये ‘ओऑथ-२’ निवडायचं. मग गूगलचीच खिडकी उघडते, तिथे लॉगिन करून परवानगी द्यायची. प्रोग्रामला पासवर्ड मिळतच नाही, फक्त एक पास मिळतो, आणि तो आपण केव्हाही रद्द करू शकतो. आपल्या गेटपाससारखंच. एखाद्या जुन्या प्रोग्रामला हे जमत नसेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ‘अॅप पासवर्ड’ काढता येतो.

दुसरं कोडं दाराचं. मेल येण्याचा रस्ता वेगळा आणि जाण्याचा वेगळा, हे आपण नेटवर्किंगच्या पेपरात लिहितो आणि विसरतो. जाणारी मेल एसएमटीपीने जाते. हा नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिला. थंडरबर्डमध्ये खाती तीन असली तरी कोणत्या खात्याने कोणता आउटगोइंग सर्व्हर वापरायचा ते आपल्याला बघावं लागतं. मी बघितलं नाही. दुकानाच्या खात्याला डिफॉल्ट सर्व्हर तसाच राहिला, आणि डिफॉल्ट होता माझा. ज्या पेटीत पत्र टाकाल त्या पोस्टाचा शिक्का बसणार! बाबांच्या होलसेलवाल्याला पंपांची ऑर्डर गेली ती ‘एंजल’च्या पत्त्यावरून. त्यांनी बाबांना फोन करून विचारलं, “ही कोण?” तेव्हा आम्ही सगळे हसलो.

तिसऱ्या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

दुकानाचं खातं जोडताना प्रोग्रामने विचारलं होतं, पॉप की आयमॅप? मी पॉप निवडलं. होस्टेलचं वायफाय तुम्हाला माहीतच आहे. एकदा मेल उतरवून घेतली की नेट नसतानाही वाचता येईल, असा माझा हिशेब. फरक साधा आहे. पॉप म्हणजे वॉर्डनच्या टेबलावरची पत्रं उचलून आपल्या खोलीत आणणं. आयमॅप म्हणजे पत्रं टेबलावरच ठेवून तिथे जाऊन वाचणं. पॉप १९८४ चं. मेल आपल्या एका मशीनवर आणायची आणि तिथेच वाचायची, हा त्याचा मूळ विचार. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तयार केलं. त्यात मूळ प्रत सर्व्हरवरच राहते, म्हणून तीच पेटी अनेक ठिकाणांहून उघडता येते.

पॉपच्या सेटिंगमध्ये ‘मेल सर्व्हरवर राहू द्या’ याला टिक होती. ती बघून मी निश्चिंत झाले. पण त्याच्या खालच्या ओळीलाही टिक होती, ‘जास्तीत जास्त १४ दिवस’. ती ओळ मी वाचलीच नाही.

खातं जोडलं ३ तारखेला. १८ तारखेला बाबांचा फोन. “अगं, मेलमधली सगळी बिलं गेली! २० तारखेच्या आत जीएसटीचं रिटर्न भरायचंय, सीए बिलं मागतायत.” मी म्हटलं, “बाबा, तुम्ही नीट बघा, दुसऱ्या फोल्डरमध्ये असतील.” आणि फोन ठेवून प्रॅक्टिकलला गेले. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात थंडरबर्ड आलाच नाही.

रात्री आईचा फोन आला. दुकानात कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा आहे, माझ्याच वयाचा, बारावीनंतर कामाला लागलेला. बाबांनी त्याला दिवसभर बोल लावले होते. “तूच काहीतरी डिलीट केलंस.” तो बिचारा नाही नाही म्हणत होता. आई म्हणाली, “उद्यापासून येऊ नको म्हणालेत त्याला.”

तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. पीसी चालू केला, सेटिंग उघडली आणि ती दुसरी टिक दिसली. सर्व्हरवर काही नव्हतं. सगळी बिलं, ४०० च्या वर मेल, फक्त माझ्या हार्ड डिस्कवर होत्या. आणि हा पीसी मी त्याच रविवारी फॉरमॅट करणार होते!

आधी बाबांना फोन केला. चूक माझी आहे, त्याची नाही, हे सांगितलं. हे बोलणं कुठल्याही व्हायव्हापेक्षा कठीण होतं. मग कामाला लागले. कोणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहिते:

१) आधी पॉप खात्याचं आपोआप मेल तपासणं बंद करा. नाहीतर परत वर चढवलेली मेल तेच खातं पुन्हा उतरवून घेईल आणि १४ दिवसांनी पुन्हा तेच रामायण!

२) थंडरबर्ड बंद करून त्याचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. तो फोल्डर कुठे आहे हे हेल्प मेनूमधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर सापडतं.

३) पॉप खात्याचं आयमॅप करता येत नाही. तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्याने जोडा. जुनं खातं लगेच काढू नका.

४) जुन्या इनबॉक्समधली मेल निवडून नव्या आयमॅप इनबॉक्समध्ये कॉपी करा. ‘मूव्ह’ नको. तिथे टाकलेली मेल सर्व्हरवर चढते. एकदम ४०० नको, पन्नास-पन्नास करा.

५) ब्राउझरमधून लॉगिन करून सगळं आलं का ते मोजा. मगच जुनं खातं काढा.

आमच्या वायफायवर याला पहाटेचे चार वाजले. १९ तारखेला सकाळी बाबांच्या इनबॉक्समध्ये सगळी बिलं परत होती आणि रिटर्न वेळेत गेलं.

सकाळी त्या मुलाला बाबांनीच फोन करून बोलावून घेतलं. मी बाबांना म्हटलं, त्याला फोन द्या. सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “असू दे ताई.” एवढंच. त्या ‘असू दे’ने मला जास्त लागलं. त्याच्याकडे स्वतःची बाजू मांडायला सेटिंगचं पान नव्हतं, आणि माझ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण मी इंजिनिअरिंगला!

तर मित्रमैत्रिणींनो, कोणतंही खातं जोडताना तीन प्रश्न विचारा. मेलची मूळ प्रत कुठे राहणार? उत्तर कोणत्या दारातून जाणार? किल्ली कोणाच्या हातात? आणि खातं आई-बाबांचं असेल तर चौथाही विचारा: काही बिघडलं तर बोलणी कोण खाणार?

आता दुकानाचं खातं आयमॅपवर आहे. आणि सुट्टीत त्या मुलाला मी ही सगळी सेटिंग्ज शिकवणार आहे. बाबा म्हणतात, “शिकव. पण टिका दोन्ही वाचायला सांग.”

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी