आधी लेन्स बघा, मग कंपनी बदला

पौष अमावस्येच्या रात्री केस्लापूरला नागोबाची महापूजा असते, आणि दिवाळीत गावोगावच्या अंगणांत दंडारी-गुसाडी रात्री उशिरापर्यंत रंगते. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या पट्ट्यातला फोटोग्राफर आपल्या कॅमेऱ्यावर वैतागतो, तो बहुधा अशाच ठिकाणी. एखादा बल्ब, ट्यूबलाइट किंवा मांडवातले रंगीत एलईडी एवढाच उजेड, समोर माणसं नाचताहेत, आणि फोटो एकतर हललेला येतो नाहीतर खसखस सांडल्यासारखा दाणेदार. मग निष्कर्ष ठरलेला: कॅमेरा जुना झाला, आता सगळं विकून दुसऱ्या कंपनीचा मिररलेस घ्यायचा. माझ्या मते दहातल्या आठ जणांसाठी हा निष्कर्ष चुकीचा आहे. तक्रार लेन्सची असते आणि शिक्षा बॉडीला होते.

ही नुसती मताची बाब नाही, साधं गणित आहे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० मिलिमीटरची साधी प्राइम लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की साडेनऊच्या वर आकडा येतो. म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. गुसाडीची उडी गोठवायला १/२५० चा शटर हवा असेल आणि किट लेन्सवर त्यासाठी आयएसओ ६४०० लागत असेल, तर प्राइमवर तेच काम साधारण ६५० मध्ये होतं. आता फुल फ्रेम बॉडीकडे वळून बघा. तिच्या सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉनच्या छोट्या सेन्सरच्या सव्वादोन पट, कॅननच्या छोट्या सेन्सरच्या अडीच पट. फायदा आहेच, पण दहापट कुठे आणि अडीचपट कुठे! शिवाय नवी बॉडी किट लेन्ससकट घेतली तर कधीकधी उजेड उलट घटतो. कॅननच्या छोट्या मिररलेससोबत मिळणारी १८-४५ ही टोकाला एफ/६.३ वर जाते, म्हणजे जुन्या १८-५५ पेक्षाही अंधारी. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात हलला तर सावरून घेतं; समोर नाचणाऱ्याला ते थांबवू शकत नाही.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात मारलवाईला राहून गोंडांचे फोटो काढले, ते आजही लंडनच्या सोआसच्या संग्रहात आहेत. मग चांगल्या फोटोला महागडं सामान कशाला, असं या मंडळींचं म्हणणं. ऐकायला गोड, पण मला पटत नाही. नजर हवीच, मात्र रात्रीच्या अंगणात नजरेने उजेड वाढत नाही. सामान लागतंच; प्रश्न फक्त कोणतं, एवढाच.

सिस्टिम बदलण्याचा खर्चही आपण अर्धाच मोजतो. बॉडीची किंमत दिसते. जुन्या फ्लॅशचं टीटीएल नव्या कंपनीच्या बॉडीवर चालत नाही, ट्रिगर बदलावा लागतो, जादा बॅटऱ्या घ्याव्या लागतात, हे नंतर दिसतं. बॅटरीचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या प्रमाणित चाचणीत निकॉन डी५६०० एका चार्जवर ९७० फोटो देतो, तर कॅननचा मिररलेस एम५० फक्त २३५. जत्रेच्या गर्दीत चार्जिंगला प्लग कुठे शोधणार? आणि हाताची सवय ही गोष्ट हिशेबात कुणीच धरत नाही. निकॉनची झूम रिंग ज्या बाजूला फिरते, त्याच्या उलट कॅननची. अक्षता पडताना बोटं चुकीकडे फिरली की तो क्षण गेला.

आता खऱ्या आक्षेपाकडे येतो. डीएसएलआर संपत आले, मग त्यात अजून पैसा का ओतायचा? आक्षेप खोटा नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवं डीएसएलआर मॉडेल काढलेलं नाही. पण म्हणूनच त्यांच्या लेन्सेस सेकंडहँड बाजारात स्वस्त झाल्यात, आणि त्या वाया जाणार नाहीत. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये लेन्स सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर बसते, नव्या आरएफमध्ये २० वर. मधल्या जागेत अडॅप्टर बसतो, त्यामुळे आजची ईएफ लेन्स उद्याच्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. उलट दिशेने हे जमत नाही; मिररलेसची लेन्स डीएसएलआरला कधीच लागणार नाही. डोळ्यावर आपोआप फोकस धरण्यात मिररलेस सरस आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. एफ/१.८ वर डोळ्याऐवजी कान फोकसमध्ये येण्याची भीती असते, त्यामुळे ज्याचं पोट लग्नांवर आहे त्याने बदल जरूर करावा. तेव्हाही आधी त्या माउंटला परवडणाऱ्या लेन्सेस किती, ते बघावं. सोनीने ई-माउंटची तांत्रिक माहिती २०११ मध्येच इतर उत्पादकांना खुली केली, म्हणून तिथे सिग्मा-टॅमरॉनसारख्यांचे पर्याय भरपूर. कॅननच्या आरएफला या दोघांच्या ऑटोफोकस लेन्सेस यायला २०२४ उजाडलं, त्याही छोट्या सेन्सरच्या.

स्वस्त लेन्स घेतानाच फसगत जास्त होते. निकॉनची जुनी ५० एमएम 'डी' लेन्स स्वस्तात मिळते, पण तिच्यात मोटर नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीतही ती नाही, मग फोकस हातानेच करत बसा. नव्या बॉडीसाठीचा निकॉनचा एफटीझेड अडॅप्टरही तिला ऑटोफोकस देत नाही. या बॉड्यांना 'जी' लेन्सच घ्यावी. 'एएफ-पी' लेन्स डी३१०० सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. छोट्या सेन्सरवर ५० एमएम म्हणजे जवळपास ७५-८० एमएमचा कोन. घरातल्या हळदीला भिंतीला पाठ टेकली तरी माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. तिथे निकॉनवाल्यांना डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ बरी. कव्वालच्या जंगलात पक्षी टिपायचे तर हे सगळं गणित बदलतं, तिथे लांबी लागते. पण दिवसा, चांगल्या उन्हात साधी ५५-२५० सुद्धा शिकण्यापुरतं काम देते. कुंतालाच्या धबधब्याला तर लेन्सपेक्षा ट्रायपॉडची गरज जास्त.

सेकंडहँड लेन्स हातात आली की मागून मोबाईलचा टॉर्च लावा आणि काचेतून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढणारच. मग लेन्स पूर्ण उघडून भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा समोरून सरळ फोटो काढा. चारही कोपऱ्यांपैकी एकच पुसट आला, तर आतली काच सरकलेली आहे. बिल आणि सिरियल नंबर जुळवून बघा. ग्रे मार्केटच्या मालाला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या पाकिटात कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

पैसे मोजण्याआधी तुमच्या बिघडलेल्या फोटोंची माहिती उघडून बघा. फोकल लेंथ, अॅपर्चर, शटर, आयएसओ, सगळं फाइलमध्येच लिहिलेलं असतं. बहुतेक फोटो ३५ ते ५५ मध्ये, एफ/५.६ वर आणि ६४०० च्या पुढे काढलेले निघाले, तर प्राइम लेन्स घ्या. फोटो उजळ आहेत पण फोकस चुकलेले आहेत, असं निघालं तरच बॉडी बदलायचा विचार करा, आणि जुनं सामान लग्नसराई सुरू होण्याआधी विकायला काढा, तेव्हा गिऱ्हाईक लवकर मिळतं.