इंटरनेट दूरध्वनी : क्रमांकाचा घोळ आणि विलंबाचे गणित

दूरध्वनी उचलताच आपल्या बिदर-कलबुर्गी भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो. कानडी बोलणारा 'यारु?' म्हणतो, मराठी बोलणारा 'कोण?' म्हणतो. हल्ली पडद्यावरचा क्रमांकच या प्रश्नाचे उत्तर देतो, अशी आपली समजूत असते. इंटरनेटवरून येणाऱ्या फोनबाबत ही समजूत कितपत खरी, आणि असा फोन लागण्यास कधी कधी इतका वेळ का लागतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्याकडील कित्येक घरांतली मुले पुण्यास, हैदराबादेस वा आखाती देशांत आहेत. तेव्हा हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

जुन्या पद्धतीत प्रत्येक ग्राहकाची तार दूरध्वनी केंद्रातील ठराविक जागी जोडलेली असे. फोन कोठून आला हे केंद्र त्या तारेवरून ओळखी. इंटरनेट दूरध्वनीत अशी तार नाही. त्यासाठी 'सिप' नावाची नियमावली बरीच प्रचलित आहे. तिचे आजचे मूळ स्वरूप २००२ साली प्रसिद्ध झाले. फोन करणाऱ्याचे यंत्र प्रथम एक निरोप धाडते व त्यातील 'फ्रॉम' या रकान्यात क्रमांक असतो. वर्गात मी याला पाकिटावरील 'प्रेषक' या ओळीची उपमा देतो. पोस्टमन पाकीट पोहोचवतो, परंतु प्रेषकाचे नाव खरे की खोटे हे पाहणे त्याचे काम नव्हे. सेवा देणाऱ्याने तपासले तरच त्या क्रमांकास अर्थ.

घोळ नेहमी लबाडीचाच असतो असे नाही. वाटेतील गेटवे मूळ क्रमांक गाळून आपलाच क्रमांक लावते. मग दुबईहून मुलाने केलेला फोन आईला अनोळखी दिसतो व ती तो घेत नाही. कधी क्रमांक बरोबर असतो, पण लिहिण्याची तऱ्हा निराळी असते. बिदरचा ०८४८२ हा संकेतांक परदेशातून येताना अधिक ९१ ८४८२ असा होतो. सर्व क्रमांक अधिक ९१ लावून साठवले, तर नाव जुळण्याची शक्यता वाढते.

लबाडीचे उदाहरण फार दूर शोधावयास नको. बिदरला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात जून २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने बेकायदा दूरध्वनी केंद्रे उघडकीस आणली. परदेशातील फोन इंटरनेटवरून आणून सिमकार्डांच्या गेटवेमधून पुढे सोडले जात. घेणाऱ्यास मात्र साधा भारतीय क्रमांक दिसे. भारतीय क्रमांकाचे सोंग घेऊन येणारे परदेशी फोन अडविण्याची केंद्र सरकारची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तरीही सावधपण सोडू नये.

आता विलंबाकडे वळू. त्याच्या तीन जागा आहेत, आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, आकडे फिरवल्यापासून घंटी वाजेपर्यंतची. क्रमांक पुरा झाला की नाही हे न कळल्यामुळे यंत्र काही सेकंद थांबते. पुष्कळ यंत्रांवर शेवटी # दाबल्यास हा वेळ वाचतो. निरोपास उत्तर न आल्यास सिप तो अर्ध्या सेकंदाने पुन्हा धाडते, मग थांबण्याचा काळ दुप्पट होत जातो, आणि नेहमीच्या मांडणीत ३२ सेकंदांनी प्रयत्न सुटतो. ठरलेली दीर्घ शांतता असेल तर बंद पडलेल्या सर्व्हरचा पत्ता यंत्रात राहिला आहे काय, हे पाहावे.

दुसरी, फोन उचलल्यानंतरची. निरोप एका वाटेने व आवाज दुसऱ्या वाटेने जातो. म्हणून घंटी वाजते, पण 'हॅलो' एकाच बाजूस ऐकू येते. येथे बहुधा घरातील राउटरची मांडणी तपासावी लागते; त्यातील 'सिप एएलजी' ही सोय बंद करून पाहणे हा पहिला उपाय.

तिसरी, संभाषणातील. आवाज सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला ५० पुडक्यांत जातो. बिदर ते दुबई सरळ अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर; काचतंतूत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे अंतराचा वाटा साडेबारा मिलिसेकंद. केबल वळणाची असल्याने थोडा अधिक. खरा वेळ रांगेत जातो. घरात त्याच जोडणीवर कोणी चित्रपट उतरवत असेल, तर पुडकी खोळंबतात. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे.

तो घड्याळाने मोजता येतो. एकाने 'एक' म्हणावे, पलीकडच्याने ते ऐकून 'दोन', असे दहापर्यंत आळीपाळीने मोजावे. पहिल्याने 'दहा' ऐकेपर्यंतचा वेळ घ्यावा. समोरासमोर बसून तेच मोजण्यास लागलेला वेळ त्यातून वजा करावा व बाकीस दहाने भागावे. बाकी दीड सेकंद आली, तर विलंब १५० मिलिसेकंद.

विद्यार्थीमित्रांनी हा प्रयोग अवश्य करावा. त्याबरोबर घरातील वडीलधाऱ्यांना, मराठीत वा कानडीत, एवढे समजावून सांगावे : क्रमांकावरून माणूस ठरवू नये. बँकेचा वा पोलिसांचा म्हणून फोन आला व पैशांचा विषय निघाला, तर तो ठेवून द्यावा आणि खात्रीचा क्रमांक स्वतः फिरवावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. 'यारु?' हा आपला जुना प्रश्न अजून विचारण्यासारखाच आहे.